दीडपट सुरक्षित

"दीडपट सुरक्षित आहे, आज्जे!" खाण अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातीनं वही नाचवली. "दगडाची ताकद भागिले त्यावरचा भार. उतरू दे बायांना खाली."

मुकादम यल्लव्वानं खाणीच्या उभ्या कड्याकडे पाहिलं. भेगेतून पाणी झिरपत होतं, म्हणून सकाळपासून तिनं दगड फोडणाऱ्या बारा बाया वरच रोखल्या होत्या.

"यात पाणी कुठं धरलंस?"

"पुस्तकातल्या गणितात दगड कोरडा होता."

"मग जा, ह्या दगडाला सांग कोरडा हो म्हणून. आणि तुझी भाकरी तिथंच कड्याखाली बसून खा."

नात डबा उचलून तावातावानं निघाली. उताराच्या तोंडाशी थांबली, वर भेगेकडे पाहिलं, आणि परत येऊन आजीशेजारी बसली.

"का गं, इंजिनेर बाई? दीडपट होतं ना?" यल्लव्वानं चटणी पुढं सरकवली.