उजवी बाही

"तो तुकडा काढलास ना?" बुरुलने अंधारात वाकून जिबेकच्या कानात विचारले.

जिबेकने शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांकडे चोरून पाहिले.

"म्हणजे नाही काढलास. धन्य आहे बाई तुझी. आगाय तुझ्या शेजारीच बसलेत."

नारीनच्या सांस्कृतिक भवनात पडद्यावर जिबेकचाच सिनेमा चालू होता. बिश्केकला सिनेमा शिकणारी आणि कमरेचा पट्टा धरून खेळायच्या कुस्तीत जिल्ह्यात अव्वल, म्हणून आज गावाने तिचा सत्कार ठेवला होता. उद्या राष्ट्रीय संघाची निवड चाचणी. जिल्ह्याच्या यादीत तिच्या वजनगटात तिचे नाव होते. ती नसेल तर बुरुलचे. चार वर्षे जिबेकने या एका दिवसासाठी घाम गाळला होता.

तुकडा आलाच. तालमीत बुरुलने पट्ट्याला धरून तिला उचलले आणि आपटले. उजवा हात अंगाखाली सापडला. पडद्यावरची जिबेक हसत उठली खरी, पण त्याआधी क्षणभर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. संकलन करताना तिने तो क्षण तीनदा काढला आणि तीनदा परत लावला.

लोकांना तो अभिनय वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचे प्रशिक्षक ताश्तान आगाय यांचे हात मांडीवरच राहिले.

दिवे लागले. सन्मानाचा चापान आगायांनीच घालायचा होता. एरवी तो लांब झगा खांद्यावर टाकतात, पाठ थोपटतात, की झाले. आगायांनी मात्र उजवी बाही उघडून तिच्या डोक्याएवढ्या उंचीवर धरली.

"घाल हात."

"नुसता खांद्यावर टाका ना, आगाय. उकडतंय."

"मार्च महिन्यात? घाल."

तिने हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि अडला. फोटोवाला म्हणाला, "इकडे बघ, जरा हास." ती हसली. हात काही वर गेला नाही.

"किती दिवस झाले?" आगायांनी हळूच विचारले.

"नऊ. उद्या डाव्या हातावर काढीन मी. आगाय, चार वर्षं..."

"पट्टा एका हातानं धरतात का गं? खांदा जन्माचा जाईल." त्यांनी बाही खाली सोडली आणि चापान अलगद तिच्या खांद्यावर ठेवला. "तो तुकडा काढला असतास तर मला पत्ताही लागला नसता. ठेवलास कशाला?"

"तेवढाच खरा होता."

आगाय थोडा वेळ चापानची कॉलर सारखी करत राहिले. कॉलर सारखीच होती.

"यादी माझ्या खिशात आहे," ते म्हणाले. "तुझं नाव माझ्या हातानं नाही खोडवत. कुणाचं लिहू, तू सांग."

खांद्यावर चापान पडताच सुरू झालेल्या टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. जिबेकला वाटले, आता इथेच रडू फुटणार. समोर पहिल्या रांगेत बुरुल उभी होती, घाबऱ्या तोंडाने, टाळ्या वाजवायच्या विसरून.

"बुरुलचं," ती म्हणाली. "पण आत्ताच्या आत्ता सांगा तिला. नाहीतर मेजवानीला बसेल, ताटभर बेशबार्माक हाणेल आणि उद्या वजनात बसायची नाही."