रविवार, चार ते सहा

"रविवार, दुपारी चार वाजून दोन मिनिटं. मुलगी जिन्याच्या खालच्या पायरीवर. एकटी."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून गुप्तहेर आपला अहवाल वाचत होता, तोही असा, जणू स्वतःचंच मानपत्र वाचतोय. वकील मंडळी त्याला घड्याळमास्तर म्हणत. बावीस वर्षं तो लोकांच्या मागावर होता. नोंदीत एक मिनिट इकडचं तिकडे नाही, एक शब्द पदरचा नाही. खोटं लिहिलं तर हात झडेल, असं तो सांगत फिरायचा, कोणी विचारो न विचारो.

भांडण सात वर्षांच्या मुलीवरून होतं. आईबाप वेगळे झालेले, मुलगी आईकडे. बापाला ती आता कायमची आपल्याकडे हवी होती. त्याला प्रेमाची उबळच अशी आली होती, की ते सिद्ध करायला त्याने माणूस लावला. आई मुलीकडे लक्ष देत नाही, एवढं दाखवून द्या, असं बापाच्या वकिलाने घड्याळमास्तरला सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही. आपण बघायचं आणि लिहायचं. डोकं चालवायला वकील आहेत, हे त्याचं ठरलेलं होतं.

आईच्या इमारतीसमोर गाडी लावून तो सहा आठवडे बसला. एरवी शाळा आणि घर, घर आणि शाळा. लिहायलाही कंटाळा यावा असं सगळं. रविवारी मात्र घबाड हाती लागलं. इस्त्रीचा फ्रॉक घालून, पाठीला पिशवी अडकवून मुलगी खाली यायची आणि दोन दोन तास पायरीवर बसून राहायची. सहाच्या सहा रविवार. फोटो बघून बाप केवढा कळवळला! बेवारशासारखी बसलीय माझी पोर, असं म्हणत त्याने रुमालही काढला. फोटोवर वार आणि वेळ छापलेली होती, ती वाचायचं मात्र राहून गेलं. वकिलाला फोटोत वेगळीच अडचण दिसली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत आई उभी होती, पायरीवर नजर लावून. तेवढा वरचा भाग त्याने कापायला लावला. म्हणे, फोटो सुटसुटीत दिसतो.

अहवाल वाचून झाला. बापाचा वकील खुर्चीत असा रेलून बसला, जणू निकाल तोच लिहिणार आहे. मग आईची वकीलबाई उठली. बुटकी, सर्दीने बेजार, दर वाक्याला नाक पुसणारी. तिला अहवाल नको होता, मूळ वही हवी होती. घड्याळमास्तरने ती आनंदाने काढली. बावीस वर्षांत त्याची वही कोणी मागितली नव्हती.

वही उघडण्याआधी वकीलबाईने न्यायाधीशबाईंपुढे दोन कागद ठेवले. पहिला याच कोर्टाचा, गेल्या वर्षीचा आदेश: दर रविवारी चार ते सहा बापाने मुलीला भेटायचं, त्याने घ्यायला यायचं, आईने तिला तयार ठेवायचं. दुसरा कागद बापाचा. आपण एकही रविवार चुकवलेला नाही, असं त्याने शपथेवर लिहून दिलं होतं. तो येतच नाही, असं आई वर्षभर सांगत होती, पण तिच्याकडे तिच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नव्हता. आज तो बापानेच पदरमोड करून आणून दिला होता.

बापाने वकिलाकडे पाहिलं. वकील फाईल चाळू लागला, पहिल्यांदाच भेटत असल्यासारखी.

घड्याळमास्तरने वही उघडली. चार अकरा, गाडीचा आवाज, मुलगी उठून उभी. चार बारा, मुलगी बसली. चार वीस, उभी. चार एकवीस, बसली. पानंच्या पानं भरली होती. लिहिताना त्याला वाटलं होतं, पोर खेळतेय. आता स्वतःचंच अक्षर त्याला बघवेना.

"सहावा रविवार, पाच चाळीस," वकीलबाई वहीच्या पानावर बोट ठेवून म्हणाली. "ही नोंद अहवालात नाही."

कामाची नव्हती म्हणून गाळली, असं तो पुटपुटला. वाचा, असं न्यायाधीशबाईंनी सांगितलं. एव्हाना त्याचा मानपत्राचा सूर पार उतरला होता.

"पाच चाळीस. मुलगी गाडीजवळ आली. काच खाली केली. तिने विचारलं, काका, तुम्हाला माझ्या बाबांनी पाठवलंय का?"

तो थांबला. आईने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

"पुढे वाचा."

"उत्तर दिलं, नाही. मुलगी परत जाऊन पायरीवर बसली."

काम कोणी दिलंय ते कधीच सांगायचं नाही, हा धंद्याचा नियम आहे, असं त्याने घाईघाईने सांगून टाकलं. त्यात गैर काही नव्हतं. बावीस वर्षं त्याने तो डोळे मिटून पाळला होता. आज पहिल्यांदाच त्याला त्या नियमाची लाज वाटली.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुम्ही तिला दिलेलं उत्तर झालं. इथे तुम्ही शपथेवर आहात. खरं उत्तर काय?"

घड्याळमास्तरने वही मिटली.

"हो," तो म्हणाला. "तिच्या बाबांनीच पाठवलं होतं."