हिरवा ठिपका

दारोदार फिरून तापाचे रुग्ण हुडकणाऱ्या आरोग्यसेविकेला बढती मिळाली आणि ती मुख्य कार्यालयात पडद्यावरच्या नकाशासमोर येऊन बसली. रुग्ण सापडले की वस्तीचा ठिपका लाल, नाही सापडले की हिरवा, एवढं सोपं गणित. तिची जुनी वस्ती कायम लाल असायची. तिनं ती सोडली आणि महिनाभरात ठिपका हिरवागार झाला.

"तुझ्या मेहनतीचं फळ बरं का हे!" साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. तीही हरखली.

संध्याकाळी त्याच वस्तीत राहणाऱ्या आईचा फोन आला. "अगं, शेजारचं बाळ गेलं तापानं. समोरच्या घरात तिघं अंथरुणाला खिळलीत आणि मीही फणफणलेय. तू गेल्यापासून दार वाजवायला कुणी फिरकलंच नाही बघ. तू साहेबीण झालीस, आम्हाला मात्र वाली उरला नाही."

आईला दवाखान्यात दाखल करून ती सकाळी तडक साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, तिथं माझ्या जागी आजच्या आज कुणाला तरी पाठवा. रुग्ण शोधणारंच कुणी नाही, म्हणून ठिपका हिरवा दिसतोय!"

साहेबांनी हसून पडद्याकडे बोट दाखवलं. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? एकही रुग्ण नाही तिथं."

"म्हणून तर," साहेब पुढे म्हणाले, "तुझी तिथली जागा कालच कायमची रद्द करून घेतली मी, तुझंच यश दाखवून."