सात हुतात्म्यांची हजेरी

“उद्या घसा फुटेपर्यंत ओरडायचं,” तंबाखूच्या पुड्या फळीवर लावता लावता ओब्दुलियाबाईंनी अन्सेल्मोला बजावलं. ‘सामोरा शहराहून आलेला भाचा’ अशी त्यांनी गावाला त्याची ओळख करून दिली होती. गावानं मान डोलावली होती. एकानंही प्रश्न विचारला नव्हता.

“मेलेल्यांच्या वतीनं ओरडू?”

“सगळं गाव ओरडतं. तूच काय मोठा लागून गेलास?”

यादवी संपून दोन वर्षं झाली होती. स्पेनमध्ये आता दोनच जाती उरल्या होत्या, जिंकलेले आणि गप्प बसलेले. जिंकलेल्यांचे हुतात्मे चर्चच्या भिंतीवर दगडात कोरलेले. या गावचे भरले सात, म्हणून गावाला नळ आला. शेजारच्या गावचे चारच. तिथल्या बाया अजून ओढ्यावर घागरी भरतात. ओब्दुलियाबाई तर हुतात्म्याची आई, म्हणून तंबाखूच्या दुकानाचा परवाना त्यांना मिळालेला. आणि भाचा लढलेला हरलेल्यांकडून! हे उघडकीला आलं तर त्याला तुरुंग आणि दुकान सरकारजमा.

रविवारी चौक गच्च भरला. गव्हर्नरसाहेब मंचावर नाक पुसत उभे. कारकून हुतात्म्याचं नाव पुकारी आणि त्याच्या वतीनं सारं गाव हात उंचावून ओरडे, “हजर!” पाच वर्षांपूर्वी याच चौकात हेच गळे नेमक्या उलट घोषणा देत होते. त्यामुळे आवाज तयार होते.

“लिसार्दो पेन्या!”

“हजर!”

“एलादियो बार्बेरो!”

हे ओब्दुलियाबाईंच्या मुलाचं नाव. गाव गरजलं. अन्सेल्मो तेवढा मुका, हात खिशात.

गावच्या पोलीस सार्जंट तेखेदोरनं ते नेमकं पाहिलं. समारंभ आटोपताच त्यानं अन्सेल्मोचं बखोट धरून त्याला चर्चच्या आडोशाला ओढत नेलं. ओब्दुलियाबाई धापा टाकत मागे धावल्या.

“साहेब, घसा बसलाय हो पोराचा! थंडीनं!”

“बाई, तुम्ही मध्ये बोलू नका. गव्हर्नरसाहेब इकडेच बघत होते.” सार्जंटनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “एलादियो, गाढवा, स्वतःच्याच नावाला कुणी गप्प बसतं का? दगडावरचे तुझ्यासारखे आणखी तिघं बघ, पहिल्या झटक्यात कसे ओरडतात!”