देवाची पेटी

"पाय टेकला," आरटीओचे इन्स्पेक्टर महिपत घाटगे म्हणाले आणि तोंडातली पिंक त्यांनी समोरच्या गडग्यावर टाकली.

दत्तात्रेयाचा पाय टेकला नव्हता. मैदानावर फक्कीने आखलेल्या आठाच्या आकड्यावरून त्याने मित्राची येझदी मोटरसायकल अशी फिरवली होती की बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. साहेब तेव्हा पाठमोरे उभे राहून पानाला चुना लावत होते. मागच्या खेपेला हात नीट दाखवला नाही म्हणून नापास केलं होतं, त्याआधी आरसा वाकडा म्हणून. त्याच्या मागून आलेला सोनाराचा मुलगा फक्कीवर चक्क आडवा झाला आणि पास होऊन घरी गेला.

फाटकाशी बाबल्या एजंट बसलेला असायचा. त्याने दत्ताला बघून तोंड वाकडं केलं.

"बागवाले तुमी, नि येक पेटी टाकवत नाय साहेबांकडं? असं वर्ष गेलं तरी लायसन नाय मिळायचं."

दत्ताला त्या माणसाची, त्या पानाच्या डागांची, त्या सगळ्या कचेरीचीच किळस आली.

पेटी देणं अवघड नव्हतं. पूर्णगडच्या वाटेवर त्यांची हापूसची बाग होती. पण दत्ताचे वडील गोपाळकृष्ण, म्हणजे गावाचे अण्णा, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना एका पालकाने आणलेली पडवळंसुद्धा त्यांनी परत पाठवली होती. परवान्याचा विषय निघाला की ते एकच सांगत, लाच म्हणून या घरातून आंब्याचा बाठाही जायचा नाही. दत्तालाही ते पटायचं. बापाचा अभिमान वाटावा असं त्या घरात तेवढं एकच होतं, बाकी सगळी माकडांनी खाल्लेली बाग.

पण आता मुदत संपत आली होती. कोल्हापूरच्या एका खत कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. गावोगाव फिरायचं काम, मोटरसायकल कंपनीची. अट एकच, मेअखेर परवाना दाखवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. इतकी वर्षं अर्ज करकरून आलेलं हे पहिलं बोलावणं. ते आलं त्या दिवशी अण्णा म्हणाले होते, "जा की. मी कोण अडवणार?" आणि आंबे उतरवायची घळ घेऊन एकटेच बागेत गेले होते.

उलट अण्णांनीच त्याच्यासाठी नवस बोलला होता. हंगामाची पहिली पेटी देवाला, ही घरची जुनी रीत. यंदा मात्र दत्ताच्या प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी अण्णा एक पेटी घेऊन स्वतः एसटीने निघत. पेटी भरतही स्वतःच. खाली पेंढा, वर निवडक फळ आणि काथ्याची अशी उलटी गाठ, की ती घरात दुसऱ्या कुणाला सुटत नसे. दत्ता नापास होऊन आला की ते म्हणत, "सचोटीला उशीर लागतो, बाळा. धीर धर." आणि त्याच्या पानात जास्तीचा आमरस वाढत.

या खेपेला दत्ताने धीर धरला नाही. तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली होती, ती हुकली की नोकरी गेली. आदल्या दिवशी अण्णा देवाची पेटी घेऊन गेले आणि परत आले. सकाळी ते बागेत असताना दत्ताने माडीवरची एक पेटी खांद्यावर घेतली आणि पहिली एसटी पकडली.

घाटग्यांचं घर बाबल्याने दाखवलं. पायरी चढताना दत्ताला स्वतःच्या अंगाचाच वास येतोय असं वाटलं. बापाने जन्मभर जपलेलं तो आज या पानखाऊ माणसाच्या ओटीवर नेऊन टाकणार होता.

"या या," घाटगे म्हणाले. "आज तुम्हीपण?"

ओटीवर एक पेटी आधीच होती. काथ्याला उलटी गाठ.

दत्ता बघतच राहिला. देव कुठला ते त्याच्या आत्ता ध्यानात आलं. पडवळं परत पाठवणारा माणूस पोरासाठी गुपचूप या दारात येत होता. मग समोरच्या माणसाबद्दलची सगळी शिसारी एकदम वर आली.

"दर वेळी अण्णांची पेटी खाल्लीत," तो म्हणाला, "आणि तरी मला नापास केलंत? थोडी तरी लाज ठेवा."

घाटगे चिडले नाहीत. त्यांनी अण्णांच्या पेटीतला एक आंबा उचलला, देठाशी हुंगला आणि पेंढ्यात परत ठेवला.

"ज्याचं खातो त्याचं काम मी चोख करतो," ते म्हणाले. "पास करा म्हणून पेटी देणारे रोज येतात. नापास करा म्हणून देणारे तुमचे अण्णाच पहिले."