उजवं दार

बाबांच्या छोट्या, दोनच दारांच्या पांढऱ्या फिचा गाडीचं उजवं, म्हणजे चालकाशेजारच्या सीटचं दार तेवढं लाल होतं. विचारलं की बाबा शीळ घालायचे. आई त्या दारातून कधी चढली नाही; बाबांच्या बाजूने वाकून मागच्या सीटवर शिरायची. बाबा गेल्यावर गाडी कुरकुरायला लागली. सुट्या भागांसाठी दुसरी फिचा शोधताना जाहिरात दिसली: "उजवं दार सोडून सगळी गाडी विकणे आहे." आमचीच घेऊन चाचाक शहराजवळच्या खेड्यात पोचलो. अंगणात लाल फिचा उभी, उजवं दार पांढरं! म्हाताऱ्या मालकिणीने रीतीप्रमाणे पाहुण्यासाठी मुरांब्याचा चमचा पुढे करताना माझी गाडी पाहिली. "अस्सं! त्याचा मुलगा तू." "मावशी, दारं का बदललीत?" "अंगठ्या बदलल्या तर खिशात लपवता येतात. दार लपवून दाखव!" हसून त्यांनी पांढऱ्या दारावरून हात फिरवला. "तुझी आई कुठं बसायची रे?" "पुढे," मी लगेच म्हणालो, "बाबांच्या शेजारी."