खुब्यातला चरा

मालिनी आजही आली होती. गुरुवार होता, म्हणजे येणारच. श्यामकांत डॉक्टरांनी केबिनचा पडदा बोटभर सरकवून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती काही तपासून घ्यायला येत नसे. भिंतीकडेच्या बाकावर बसायची, थोड्या थोड्या वेळाने उठून पाण्याच्या माठापर्यंत जायची आणि उजवा पाय ओढत परत यायची. नव्या पेशंटने विचारलंच तर शांतपणे सांगायची, "इथंच ऑपरेशन झालं." सात महिन्यांत विठ्ठलवाडीतला हा भरलेला दवाखाना निम्मा ओस पडला होता. पाणी पिणाऱ्या बाईला बाहेर तरी कसं काढणार?

सात महिन्यांपूर्वी, सत्त्याण्णव साली, मुंबईहून दुर्बीण मागवून डॉक्टरांनी खुब्याचं पहिलं ऑपरेशन केलं, ते हिचं. घसरून पडल्यावर हाडाची कपची सांध्यात अडकली होती. दोन बारीक भोकं, तिसऱ्या दिवशी घरी, असा डांगोरा डॉक्टरांनीच पिटला होता. कपची निघाली. पण दुर्बिणीची नळी आत घालताना तिचं टोक खुब्याच्या गोळ्यावर घासलं आणि कूर्चेचा, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत अस्तराचा, पांढरा पापुद्रा दुर्बिणीच्या टीव्हीवर तरंगताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. कार्डावर मात्र इंग्रजीत लिहिलं, 'कूर्चा जन्मापासून कमजोर.' एका ओळीत सुटले बिचारे! ऑपरेशनच्या वेळी सोबत सासरचीच माणसं होती. त्यांनी ती ओळ कुणाकडून तरी वाचून घेतली आणि खोट लपवून मुलगी गळ्यात मारली म्हणून मालिनीला शिरगावला माहेरी आणून टाकलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

आज बाकावर तिच्या शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. काठापदराची साडी, हातात पाटल्या, मांडीवर छत्री. नाव नोंदवलं नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरांची मुलगी वृंदा कॉलेजला निघाली. घर वरच्या मजल्यावर आणि वाट दवाखान्यातूनच. परवा जिन्यात तिचा घोटा मुरगळला होता, म्हणून जरा लंगडत होती.

बाईने तिला दारापर्यंत निरखलं आणि मालिनीकडे झुकून विचारलं, "पाय ओढते का गं ती? कधीपासून?"

"जन्मापासूनच असेल," मालिनी म्हणाली.

"अगंबाई! रविवारी बघायला येणार होतो आम्ही. बरं झालं, आधी गुपचूप चौकशीला आले."

पडद्याआड डॉक्टरांनी सगळं ऐकलं. अंबरनाथचं स्थळ, मुलगा कंपनीत ऑफिसर. दोन स्थळं हातची गेल्यावर हे जुळत आलं होतं, आणि रविवारच्या कार्यक्रमाचं डॉक्टरांनीच येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटला कौतुकाने सांगितलं होतं. मुलाकडचं कुणीतरी असं चोरपावलांनी येऊन जातं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. भाच्याच्या लग्नात त्यांच्याच बायकोने हा उद्योग केला होता.

त्यांनी मालिनीला आत बोलावलं आणि दार लावलं.

"लाज नाही वाटत? पाय मुरगळलाय तिचा. चार दिवसांत बरा होईल. तुला ठाऊक आहे ते!"

"तुम्हालाही ठाऊक होतं."

"मालिनी, पोरीचं आयुष्य आहे गं. बाहेर जा आणि त्या बाईंना खरं सांग."

"तुम्हीच सांगा की."

"बापाचं कोण ऐकेल?"

मालिनी खुर्चीत बसली. बसायलाही तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. "मग आधी तुम्ही खरं लिहा," ती म्हणाली. "मराठीत लिहा. माझ्या सासूला वाचता आलं पाहिजे."

बाहेर छत्री फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. बाई उठली वाटतं. डॉक्टरांनी लेटरहेड ओढलं आणि सात महिने गिळलेलं चार ओळींत ओकून टाकलं. कूर्चा निरोगी होती. ऑपरेशन करताना माझ्या हातातल्या नळीने तिला चरा पडला. जन्माचा दोष नाही. मालिनीने कागद दोनदा वाचला.

"शिक्का?"

त्यांनी शिक्का मारला. तिने कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये सरकवली आणि बाहेर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काकू, मी चुकीचं बोलले. मुलीचा घोटा फक्त मुरगळलाय. मुलगी सोन्यासारखी आहे."

"असं होय! मग काही हरकत नाही," बाई म्हणाली आणि छत्री टेकत बाहेर पडली.

डॉक्टरांनी रुमालाने मान पुसली. कागदाचं पुढं बघून घेऊ, वकील कशाला असतात? स्थळ तर वाचलं. बाईंना निदान रिक्षात बसवून द्यावं, बरं दिसेल, म्हणून ते चपला सरकवत दारापर्यंत आले.

समोर रिक्षा उभी होती. मालिनी आधीच मागच्या सीटवर टेकली होती. ती पाटल्यांची बाई खाली वाकली, तिने मालिनीचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि रोजच्या सवयीने अलगद आत ठेवला.

"हळू गं आई," मालिनी म्हणाली.